मुलांचा राग आणि चित्रांची पुस्तके



लहान मूल चिडलं की आपल्याकडे पाठीत धपाटा बसतो. मूल गप्प होतं, पण राग जात नाही. आत दडून बसतो. चार वर्षांच्या लेकराजवळ रागासाठी अनेकदा पुरेसे शब्द नसतात, म्हणून ते हातपाय आपटतं. अशा वेळी चित्र कामाला येतं.

अमेरिकन चित्रकार मॉरिस सेंडॅक यांचे १९६३ सालचे पुस्तक घ्या. त्यातला मॅक्स दंगा करतो, आई त्याला उपाशीच झोपायला पाठवते. मनाने तो अक्राळविक्राळ प्राण्यांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो. पण घराची ओढ लागून परततो, तर जेवण वाढून ठेवलेलं, तेही गरम! मॉली बँग यांच्या १९९९ च्या पुस्तकात बहीण सोफीचं खेळणं हिसकावते. सोफी धावत सुटते, रडते, झाडावर चढून बसते. शांत होऊन घरी येते, तेव्हा सगळ्यांना आनंदच होतो.

राग येतो, ओसरतो, आणि घराचं दार उघडंच असतं, हे मुलाला कळलं पाहिजे.

ही पुस्तके हाताशी नसली तरी अडत नाही. कागद-खडू द्या, "तुझा राग काढ बघू" म्हणा आणि ते काय सांगतं ते ऐका. वस्तू फेकली तर त्याचा हात धरा, आपला उगारू नका.