‘मुक्त सिलिका’ : दोन शब्दांचा हिशेब



व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले की तो बोनस आणि महागाई यांवर बोलणार, असे आपण गृहीत धरता. आज आम्ही ते विषय बाजूला ठेवणार आहो. आम्हांला फक्त दोन शब्दांविषयी बोलावयाचे आहे : ‘मुक्त सिलिका’. रसायनशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. गरज पडली तेव्हा पुस्तके मिळवून वाचले. तेव्हा तज्ज्ञांनी आमच्या भाषेला क्षमा करावी, चुकीला मात्र करू नये.

गरज पडली ती अशी. एका फौंड्रीत धुळीची तपासणी झाली आणि अहवालाचा कागद फलकावर लागला. त्यावर ‘फ्री सिलिका’ असे लिहून पुढे टक्केवारी होती. फेटलिंगवरच्या एका जुन्या कामगाराने आम्हांला विचारले, “अण्णा, फ्री म्हणजे फुकटच ना? मग कंपनीनं एवढं लिहून कशाला लावलंय?” आम्ही सगळे हसलो. घरी जाताना मात्र लाज वाटली. कारण त्या शब्दाचा खरा अर्थ आम्हांलाही सांगता आला नसता, आणि कामगारांच्या वतीने वाटाघाटीला बसणारे तर आम्हीच होतो!

आधी सिलिका म्हणजे काय ते पाहू. सिलिकॉन हे मूलद्रव्य. त्याचा एक अणू आणि प्राणवायूचे दोन, या प्रमाणात होणारे संयुग ते सिलिका. शेताच्या बांधावर सापडणारी पांढरी गारगोटी ही जवळजवळ शुद्ध सिलिकाच. नदीच्या वाळूत तिचा अंश मोठा असतो, आणि फौंड्रीत साच्यासाठी वापरतात त्या वाळूत तर बहुतेक सारी तीच. आता ‘मुक्त’ म्हणजे काय? सिलिका दुसऱ्या धातूंच्या ऑक्साइडांशी बांधली गेली की तिचे सिलिकेट होते. अशी न बांधता स्वतंत्र राहिली तर ती मुक्त. घरातला माणूस आणि मोकाट सुटलेला माणूस यांत जो फरक, तोच येथे.

हा फरक शाब्दिक नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ घ्या, ज्याचे पाटे-वरवंटे होतात. प्रयोगशाळेत त्याचे पृथक्करण केले तर सिलिका सुमारे पन्नास टक्के निघते. पण ती बहुतेक सारी बांधलेली असते. मुक्त सिलिका त्यात फारच थोडी. उलट ग्रॅनाइटमध्ये गारेचे स्फटिक उघड दिसतात, आणि वालुकाश्म तर बहुतांशी गारेचाच. म्हणजे कागदावर नुसते ‘सिलिका’ लिहिले असेल तर त्यावरून धोका कळत नाही. ऑलिव्हिन नावाच्या खनिजात सिलिका चाळीस टक्क्यांच्या आसपास असते, तरी तीच वाळू काही फौंड्र्या धोका कमी करण्यासाठी वापरतात, कारण तिच्यातील सिलिका बांधलेली आहे. मात्र काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक भरलेले असतात, हेही आमच्या खाणकामगारांनी विसरू नये.

कोणी म्हणेल, समुद्रकाठी मुले वाळूत लोळतात, त्यांना काय होते? प्रश्न रास्त आहे. वाळूचा कण नाकातच अडतो. घातक कण पाच मायक्रॉनांहून बारीक. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. दगड फोडताना, दळताना, ओतकाम घासताना हे कण उडतात, आणि डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळतात आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रणासारखा कठीण तंतू धरतो. काम सोडले तरी हा रोग पुढे सरकू शकतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. 1870 साली विस्कोंती या इटालियन डॉक्टराने त्याला सिलिकोसिस हे नाव दिले. 1997 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या जागी श्वासात जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगास कारण ठरते, असे जाहीर केले.

आता कायद्यात हा शब्द कसा बसतो ते पाहा. 1948 च्या कारखाना कायद्याला 1987 साली जोडलेल्या परिशिष्टात एक सूत्र होते. श्वासात जाणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे गार, किती टक्के आहे ते पाहा. त्यात दोन मिळवा. त्या बेरजेने दहाला भागा. जे उत्तर येईल तितके मिलिग्रॅम धूळ एका घनमीटर हवेत चालेल, अधिक नाही. गार तीन टक्के असेल तर मर्यादा दोन मिलिग्रॅम. गार अठ्ठ्याण्णव टक्के असेल तर मर्यादा शून्य पूर्णांक एक! म्हणजे टक्केवारी न सांगता कोणी “धूळ मर्यादेत आहे” असे म्हटले, तर त्या वाक्याला काहीच अर्थ नाही. आमच्या फलकावरचा तो आकडा फुकट नव्हता, तो असा मोलाचा होता.

आणि दवाखान्यात? सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय लवकर गाठतो. दोहोंची क्ष-किरण चित्रेही पुष्कळदा सारखी दिसतात. म्हणून केसपेपरवर ‘क्षय’ एवढेच लिहिले जाते. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिस होता, त्याच्या जोडीने झालेला क्षयही होता. नुसता क्षय मात्र या कामगाराच्या उपयोगी पडणारा नव्हता. डॉक्टरने “काम काय करतोस?” एवढे विचारले नाही, की एका शब्दावाचून विधवेचा हक्क जातो. ते जुने कायदे आता नव्या संहितांत गेले. शब्दाचे महत्त्व गेलेले नाही.

मध्यप्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार भागांतले आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडे गार दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि रोग घेऊन गावी परतले. 4 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. मृत्यूचे कारण नावानिशी सिद्ध झाले, तेव्हाच हे घडले.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. धुळीचा अहवाल मराठीत लावा, आणि त्यात मुक्त सिलिकेची टक्केवारी लिहा. दगडावर पाणी मारा, धूळ उगमापाशीच ओढून घेणारे पंखे बसवा. तोंडाला फडके बांधून हे कण अडत नाहीत. डॉक्टर मंडळींनी केसपेपरवर रोग्याचा धंदा लिहावा. आणि कामगार बंधूंनो, दवाखान्यात जाल तेव्हा “धुळीत काम करतो” एवढेच सांगू नका. कसली धूळ, ते सांगा.

तो फेटलिंगवरचा कामगार आज हयात नाही. त्याच्या कागदांवर क्षय असेच लिहिले आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला वेळेवर देता आले नाही. ते आज आपल्यासमोर दिले, एवढेच.