हार्ली थायलंडला गेली, पण शुल्क काही सुटलं नाही

व्यापारयुद्ध पेटलं की बातम्यांत एक वाक्य येतंच: "आता कारखाने हलणार." हलतात, नाही असं नाही. पण हलवलेल्या कारखान्यातून निघालेला माल कुठल्या देशाचा मानायचा, हे कोण ठरवतं? आज त्यावर बोलूया. उदाहरण घेतोय हार्ली-डेव्हिडसनचं.

साल २०१८. ट्रम्प सरकारनं आयात पोलाद आणि ॲल्युमिनियमवर जादा शुल्क लावलं. युरोपीय महासंघानं उत्तर म्हणून अमेरिकी मालाची यादी काढली, त्यात मोठ्या मोटारसायकली होत्या. हार्लीवरचं शुल्क ६ टक्क्यांवरून थेट ३१ वर! कंपनीचा हिशोब असा की अमेरिकेतून युरोपात जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे सरासरी २,२०० डॉलरचा भुर्दंड. तो गिऱ्हाइकावर टाकला तर धंदा बसणार, कारण अमेरिकेखालोखाल मोठी बाजारपेठ युरोपच. मग ठरलं, युरोपसाठीच्या गाड्या अमेरिकेबाहेर बनवायच्या.

थायलंडमध्ये रायोंगचा कारखाना आधीच ठरलेला होता, २०१७ मध्ये, आशियातल्या शुल्कांमुळे. ही गोष्ट लक्षात घ्या. एका शुल्कासाठी कुणी नवा कारखाना बांधत नाही, कारण ते शुल्क उद्या उठलं तर? हाताशी असलेल्या कारखान्यात काम सरकवणं मात्र परवडतं.

ट्रम्प अर्थातच भडकले. खरा फटका मात्र दुसरीकडून बसला.

२५ जून २०१८ ला कंपनीनं अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे कागद दाखल केला. त्यात साफ लिहिलं होतं की शुल्काचा बोजा टाळण्यासाठी उत्पादन हलवतोय. गुंतवणूकदारांना खरं सांगावंच लागतं. पण युरोपचा नियम काय म्हणतो? माल अनेक देशांत बनत असेल तर शेवटचं महत्त्वाचं काम जिथं झालं तो मूळ देश, आणि ते काम तिथं करण्याला आर्थिक कारण हवं. शुल्क चुकवणं हे त्यात बसत नाही.

बेल्जियमच्या कस्टम्सनं २०१९ मध्ये 'थायलंडचा माल' असं मान्य केलं होतं. २०२१ मध्ये युरोपीय आयोगानं ते रद्द करायला लावलं. पुरावा कुठला, तर कंपनीचाच तो कागद! गाडी जुळवली थायलंडमध्ये, कस्टम्सच्या लेखी अमेरिकी. निर्यातीचं काम करणाऱ्यांनो, ऐकताय ना? कारखाना का हलवला, हे तुम्ही कुठंकुठं लिहून ठेवलंय ते आधी तपासा.

हार्ली कोर्टात गेली. २०२३ मध्ये हरली, अपील केलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयातही हरली. गंमत म्हणजे ज्या जादा शुल्कावरून हे सगळं सुरू झालं, ते अमेरिका आणि युरोपनं आपसात मिटवून २०२२ च्या जानेवारीपासूनच स्थगित ठेवलं होतं.