बांध सातबाऱ्याचा आणि बांध बौद्धिक संपदेचा

(हरसूल, ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक येथे वनवासी युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



हरसूलच्या या डोंगरपट्ट्यात भात, नागली आणि वरई पिकते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण येथे आणखी एक पीक पिढ्यान् पिढ्या येत आले आहे आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही. वारली लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने रेखाटतात तो चौक, बोहाड्याचे मुखवटे, तारप्याचे सूर, वैदूच्या मुखी असलेले झाडपाल्याचे ज्ञान, ही ती संपदा. शेजाऱ्याने शेताचा बांध हातभर सरकवला तर आपण तलाठ्याकडे धाव घेतो. या संपदेचा बांध मात्र रोज सरकतो आहे आणि धाव कोणाकडे घ्यावी, हेच आपल्याला माहीत नाही.

पूर्वी भिंतीवरचे चित्र पाहायला माणसाला पाड्यावर यावे लागे. आज मोबाइलवर टिपलेले छायाचित्र क्षणात जगभर जाते. त्यावरून कोणी साड्या छापतो, कोणी कपबशा. चित्र संगणकीय रूपात गेले की मूळ आणि नक्कल यांत डोळ्यांना फरक उरत नाही. मग फरक ठरवतो तो कायदा आणि त्याच्यासमोर ठेवलेला कागद.

हळदीचे उदाहरण घ्या. जखमेवर हळद लावणे आपल्या आजीला कोणी शिकवले नव्हते. तरीही मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याच गुणधर्मावर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे लेखी पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय अभिमानाचा खराच. पण त्यातला धडा विसरू नका. हळद आमची आहे, एवढे म्हणून भागले नाही. ते लिहिलेले दाखवावे लागले.

त्या धड्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांतील ज्ञान इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत आणून परदेशांतील पेटंट कार्यालयांच्या परीक्षकांपुढे ठेवले गेले. मात्र हा कोश प्रामुख्याने ग्रंथांवर उभा आहे. ज्याचा ग्रंथच झाला नाही, त्या वैदूच्या ज्ञानाचे काय? त्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. आपल्या ग्रामपंचायतीतील ती नोंदवही आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिली आहे, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

आता चित्रांकडे वळू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराचा हक्क चित्र काढताक्षणी जन्मतो. त्यासाठी नोंदणीची अट नाही. पण समजा, येथल्या एखाद्या मुलीला शहरातील व्यापाऱ्याने पैसे देऊन चित्रे काढायला सांगितली आणि लेखी करार केला नाही, तर त्या चित्रांचा पहिला हक्कदार तो व्यापारी ठरतो. स्वतःहून काढलेल्या चित्राचे हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. चित्र विकले, तरी ते माझे आहे असे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. कापडावर छापण्याच्या नव्या नक्षीची गोष्ट आणखी वेगळी. तिला २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवायचे, तर ती आधी प्रसिद्ध झालेली नसावी लागते. कौतुकाने मोबाइलवरून जगजाहीर केलेले छायाचित्र हीच नोंदणीतील अडचण होऊ शकते.

मात्र कॉपीराइट व्यक्तीच्या कृतीला मिळतो, परंपरेला नव्हे. समाजाच्या सामूहिक वारशासाठी भौगोलिक निर्देशनाचा, म्हणजे जीआयचा मार्ग आहे. आपल्या जिल्ह्यातील येवल्याच्या पैठणीला आणि नाशिकच्या द्राक्षांना ते मिळाले आहे. वारली चित्रकलेची नोंदही २०१३-१४ या वर्षात झाली. परंतु जीआय प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो, आणि ते नाव अधिकृतपणे वापरण्यासाठी कलाकाराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. समाजाला हक्क मिळाला आणि कलाकार नोंदणीबाहेर राहिला, तर त्या हक्काचा उपयोग काय?

हे सारे पाड्यावर येऊन समजावणार कोण? म्हणूनच आज आग्रह धरायचा आहे तो व्यावसायिक प्रशिक्षणाचा. बौद्धिक संपदा म्हणजे केवळ वकिलांचे क्षेत्र, हा समज सोडून द्या. पेटंट एजंट होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते. ट्रेडमार्क एजंटच्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. या विषयाचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय बौद्धिक संपदा जागृती अभियानही सुरू केले. जागृतीने डोळे उघडतात. अर्ज लिहायला मात्र शिकलेला हात लागतो.

हा हात बाहेरून भाड्याने आणू नये. जो इथली बोली जाणतो, चौकातील देवीचा मान जाणतो, त्यालाच काय नोंदवावे आणि काय देवघरातच ठेवावे, हे कळेल. कारण सर्वच वारसा बाजारासाठी नसतो. काही गोष्टी विकायच्या नसतात, हे ठरवण्याचा अधिकार हाही स्वामित्वाचाच भाग आहे. स्वदेशीचा विचार आपण मांडतो, तेव्हा त्यात केवळ वस्तू नव्हे, तर स्वतःच्या ज्ञानावरील स्वतःचा ताबाही अभिप्रेत असतो.

तेव्हा येथून जाताना दोन संकल्प करू या. प्रत्येक पाड्यावरील कलाकारांची कामे तारीख, नाव आणि त्यांच्या संमतीसह एका वहीत उतरवावीत. आणि या वर्गातील निदान दोन पदवीधरांनी येत्या काळात या परीक्षांची तयारी करावी. त्यांच्या पुस्तकांचा आणि प्रवासाचा भार समाजाने उचलावा. आपल्या पूर्वजांनी ही संपदा मुखोद्गत राखली. ती कागदावर आपल्याच नावाने उतरवणे, एवढेच काम आपल्या पिढीच्या वाट्याला आले आहे. ते आपण केले नाही, तर दुसरा कोणी करील. फक्त कागदावर नाव त्याचे असेल.