हरवलेला हेल

(मंडळाच्या सभेत, कुंभकोणम येथे दिलेले व्याख्यान)



हूलिया आल्वारेझ यांची इंग्रजी कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली. गार्सिया घराण्यातील मुलींनी आपला हेल कसा गमावला, असा तिच्या नावाचा अर्थ. डोमिनिकन प्रजासत्ताकात त्रुहियो या हुकूमशहाविरुद्धच्या कटात डॉक्टर कार्लोस गार्सिया गुंततात. जिवावर बेतते तेव्हा, १९६० साली, पत्नी लॉरा व चार मुलींसह ते न्यूयॉर्क गाठतात. कथा मात्र १९८९ पासून मागे मागे १९५६ पर्यंत जाते. वाचकाला फळ आधी दिसते, बीज मागाहून.

तिसरी मुलगी योलांदा कवयित्री होते. घरी तिला ‘यो’ म्हणतात, आणि स्पॅनिशमध्ये ‘यो’ म्हणजे ‘मी’. अमेरिकन तोंडी त्याचा ‘जो’ होतो, म्हणजे चक्क पुरुषाचे नाव! भाषा सुटते तेव्हा शब्दांबरोबर हा ‘मी’ही डळमळतो, हे लेखिकेने एका नावातून सुचविले आहे.

एक प्रसंग विशेष मननीय आहे. शाळेतील समारंभासाठी योलांदा भाषण लिहिते. त्यातला गुरुजनांना आव्हान देणारा स्वर ऐकून वडील ते कागद फाडून टाकतात. मोकळ्या शब्दापायी जेथे माणसे नाहीशी होत, त्या देशाची भीती त्यांच्यासवे समुद्र ओलांडून आलेली असते. संतप्त मुलगी त्यांना हुकूमशहाच्याच टोपणनावाने संबोधते. मग आई व मुलगी मिळून निरुपद्रवी असे स्तुतिपर भाषण तयार करतात, आणि वडील तिच्यासाठी विजेवर चालणारे टंकलेखनयंत्र घेऊन येतात. त्यांचे प्रेम खरे, आणि धाकही खरा. माझ्या मते कादंबरीचा गाभा येथे आहे.

ही कथा कावेरीकाठी सांगण्याचे प्रयोजन उघड आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. १८५५ साली राज्य खालसा झाले. याच कुंभकोणमात १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झाले. शिलालेख आजही आहे; परंतु येथील मराठी दगडाने राखली नाही. ती स्वयंपाकघरात, देवघरात, आजीच्या तोंडी राहिली. तमिळ शब्द आणि तमिळ वळण अंगी लेवून राहिली, म्हणूनच टिकली.

आम्ही बदलीवर आलेली नोकरदार मंडळी ही बोली ऐकून कित्येकदा हसतो. आमचीच मुले तमिळ हेलात मराठी बोलू लागली की वाक्यागणिक त्यांना अडवितो. हेतू शुद्धतेचा असतो, हे मान्य. परंतु ते हसणे आणि ते अडविणे म्हणजे कागद फाडण्याचाच प्रकार होय. अडविलेले मूल शुद्ध मराठी बोलू लागत नाही. ते मराठी बोलणेच सोडते. मग कितीही यंत्रे आणून दिली, तरी लिहिणार कोण?

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त माझी एवढीच विनंती आहे. मंडळाच्या व्यासपीठावर मुलांना त्यांच्या मराठीत, त्यांच्या विषयावर बोलू द्यावे. वाक्य पुरे होईपर्यंत कोणी चूक काढू नये. आणि तंजावरी मराठी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना पहिल्या रांगेत मानाने बसवावे. साडेतीनशे वर्षे परमुलखात भाषा कशी सांभाळावी, हे त्यांच्याइतके आपणांस कोण सांगणार?