मुलाचे अनुदान आणि पालकाचा हात
(पालकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय चारचौघांत बोलावयाचा नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटेल. घरातील तीस-पस्तीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मनाच्या आजाराने पीडित असेल तर ती गोष्ट आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवितो. सोयरिकीच्या बैठकीत तर त्याचे नावही काढीत नाही. परंतु त्याच मुलाच्या नावावर सरकारी अनुदान मंजूर होते, ते दरमहा बँकेत जमा होते, आणि ते काढून आणणारा हात मात्र बहुधा आपला असतो. त्या हाताने कसे वागावे, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

हे पैसे कोणाचे, असे विचारले तर घरोघरी उत्तर मिळते, "घराचे." आई म्हणते, मी त्याला जेवू घालते, त्याचे कपडे धुते, रात्री-अपरात्री त्याच्यामागे धावते, मग त्याचे-माझे असा भेद कसला? तिचे कष्ट खरे आहेत. तरीही मी म्हणतो, पैसे त्याचे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मानसिक आजार हा दिव्यांगत्वाचा एक प्रकार म्हणून स्पष्ट नमूद आहे, आणि त्याच कायद्याच्या १३ व्या कलमाने दिव्यांग व्यक्तीस मालमत्ता बाळगण्याचा व आपले आर्थिक व्यवहार स्वतः चालविण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने दिला आहे. आपला मुलगा आजारी पडला म्हणून पुन्हा अज्ञान बालक झाला नाही. त्याचे हित तोच जाणत नाही, आम्हीच जाणतो, ही भाषा आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकली आहे. ती आपल्या घरात आपल्या तोंडी येऊ नये.

आता अनुदान मिळते कसे, ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात शेकडा ४० किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या, ६५ वर्षांखालील सज्ञान व्यक्तीस संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली तहसील कचेरीत अर्ज करता येतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. २०२३ साली ही रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली, आणि सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने दिव्यांगांसाठी ती २,५०० रुपये करण्यात आली. रक्कम लाभार्थ्याच्याच बँक खात्यात जमा होते. सबब खाते त्याच्या नावाचे हवे आणि ते आधारशी जोडलेले हवे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात आणि मग हेलपाटे सुरू होतात.

खरी अडचण असते ती दिव्यांगत्वाच्या दाखल्याची. हात तुटला तर तो दिसतो, मन मोडले तर दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा आजार चार अंगांनी तपासतात : माणूस स्वतःची निगा राखतो का, इतरांशी त्याचे संबंध कसे आहेत, त्याला बोललेले समजते व बोलता येते का, आणि तो काम करू शकतो का. शिवाय आजार किती वर्षांचा आहे हेही मोजतात. येथे पालक दोन प्रकारे घात करतात. बाप लाजेपोटी म्हणतो, "तसा बरा आहे हो, थोडा चिडतो." आई तपासणीच्या सकाळी त्याला अंघोळ घालून, भांग पाडून, इस्त्रीचा सदरा चढवून नेते, आणि महिनोन्महिने तो स्वतःहून अंघोळ करीत नाही हे सांगावयाचे राहून जाते. तेव्हा गेल्या वर्षातील वाईट दिवस आणि बरे दिवस, दोन्ही एका कागदावर लिहून न्यावेत. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या फेकू नयेत. आजाराची वर्षे त्यांवरूनच सिद्ध होतात. खोटे मात्र एक अक्षर सांगू नये. त्याची गरजही नसते. दाखला ठरावीक मुदतीचा असेल तर ती तारीख ठळक लिहून ठेवावी.

पैसे हातात आले, की पुढे काय? या प्रश्नाला कोणतीही कचेरी उत्तर देत नाही. ते आपणांसच द्यावयाचे आहे.

घरखर्चात त्याचा वाटा घेणे गैर नाही. तो जेवतो, राहतो. मिळवता भाऊ देतो तसा त्यानेही वाटा द्यावा. पण तो किती, हे त्याला सांगून घ्यावा, आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावा. औषधाचा व येण्याजाण्याचा खर्च निराळा काढावा. उरलेल्यातून काही रक्कम, दोनशे असो की पाचशे, त्याच्या हातात द्यावी आणि तिचा हिशेब मागू नये. "पण तो विड्या ओढतो, चहा पितो!" ओढू द्या. पस्तीस वर्षांच्या पुरुषास चहाच्या दोन घोटांसाठी आईपुढे हात पसरावा लागणे, हे त्या आजाराहून कमी दुःखाचे नाही. आजार चढणीवर असताना तो एका दिवसात सारे उधळील, ही भीती मात्र खोटी नव्हे. त्यावर उपाय असा, की तो बरा असताना त्याच्यासमवेत बसून ठरवावे : झोप उडाली, बोलणे वाढले, की पैसे आठवड्याचे आठवड्याला द्यावयाचे आणि एटीएमचे कार्ड आईजवळ ठेवावयाचे. ते कागदावर लिहावे आणि त्याची सही घ्यावी. कायद्यात या कागदाला मोल नसेल, पण पुढच्या भांडणात घरात त्याला मोठे मोल येते.

एक साधी वही घालावी. तारीख, काढलेली रक्कम, खर्च, शिल्लक. १८८२ च्या भारतीय विश्वस्त अधिनियमाने विश्वस्तावर दोन बंधने घातली आहेत : हिशेब बिनचूक ठेवावा, आणि विश्वस्त मालमत्ता स्वतःच्या लाभासाठी वापरू नये. आई-बाप कायद्याच्या अर्थाने विश्वस्त नसतील. तरी हे माप त्यांनी स्वतःस लावून पाहावे. थकबाकीचे दहा-पंधरा हजार एकदम जमा झाले आणि धाकटीचे लग्न तोंडावर आहे, अशा वेळी काय करावे? २०१६ चा कायदा सांगतो, की व्यवहारात आधार देणाऱ्याचे व दिव्यांग व्यक्तीचे हितसंबंध परस्परविरोधी असतील, तेथे आधार देणाऱ्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हावे. तेव्हा अशा वेळी मामाला किंवा विश्वासाच्या तिऱ्हाईताला मधे घालावे आणि मुलाला नकार देण्याची मोकळीक द्यावी. मुलीच्या बाबतीत तर अधिक जपावे. आजारामुळे सासरहून परत आलेल्या बहिणीचे अनुदान भावाच्या मोटारसायकलच्या हप्त्यात गेले, असे प्रकार होतात, आणि त्यांस कोणी चोरी म्हणत नाही.

तहसील कचेरीच्या आवारात मुद्रांकावर मुखत्यारपत्र करून देणारे लोक बसलेले असतात. त्यांच्या नादी लागू नये. १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन अस्थिर झाले की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी गरज, त्याच दिवशी तो कागद निकामी. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली स्थानिक समितीकडून जे पालकत्व मिळते, ते स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांपुरते आहे; मानसिक आजाराला ते लागू नाही. पूर्वी १९१२ च्या व त्यानंतर १९८७ च्या कायद्याखाली न्यायालय अशा माणसाच्या मालमत्तेवर व्यवस्थापक नेमीत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने ती तरतूद राहिली नाही. त्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांच्या बाबतीत साहाय्य करतो. पैशांवर त्याचा अधिकार नाही. उरतो तो २०१६ च्या कायद्याच्या १४ व्या कलमातील मार्ग, मर्यादित पालकत्वाचा. तो जिल्हा न्यायालय किंवा राज्याने नेमलेले प्राधिकरण देते, तेही ठरावीक निर्णयासाठी व ठरावीक मुदतीसाठी, आणि पालकाने त्या व्यक्तीच्या इच्छेला धरूनच वागावयाचे असते. अडीच हजारांसाठी सहसा त्याची गरज पडत नाही. घर किंवा जमीन विकण्याचा प्रश्न आला तर पडते.

आता ज्यांच्या घरी कोणी रेल्वेत, कोणी खडकी-देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यात केंद्र सरकारची नोकरी करून निवृत्त झाले आहेत, त्यांना. आपले उत्पन्न वरील मर्यादेत बसणार नाही. परंतु मानसिक आजारामुळे कमाई करू न शकणाऱ्या मुलास आपल्या पश्चात, आपल्या जोडीदारानंतर, कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकते. पंचविसाव्या वर्षाची अट त्याला आड येत नाही. ते कोणामार्फत द्यावे, हे निवृत्तिवेतनधारक स्वतः, आणि त्यांनी न केल्यास त्यांचा जोडीदार, नामनिर्देशनाने ठरवू शकतो. असे नामनिर्देशन असताना बँकेने न्यायालयाचे पालकत्व प्रमाणपत्र मागू नये, अशी केंद्र सरकारची सूचना आहे. पण हे सर्व जिवंतपणी करावयाचे काम आहे. मुलाचे नाव निवृत्तिवेतनाच्या आदेशात आजच नोंदवून घ्या. बापाच्या मृत्यूनंतर गोंधळलेल्या मुलाने एकट्याने कचेरीत जाऊन आपला आजार सिद्ध करावा, ही अपेक्षा फार क्रूर आहे.

आपल्यामागे ज्याच्या हाती वही जावयाची, तो भाऊ असो, बहीण असो की पुतण्या, त्याला मुलासमोर बसवून आताच दाखवावी, आणि मुलाला तो माणूस पसंत आहे का, हे विचारावे. नापसंत असेल तर दुसरा शोधावा. कागदपत्रे अडली, अर्ज नाकारला गेला किंवा नातलगाने पैसे दाबले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याच्या १२ व्या कलमाखाली दिव्यांग व्यक्तीस वकील विनामूल्य मिळतो. जाताना दाखला, बँकेचे पुस्तक आणि ती वही बरोबर न्यावी. आणि त्याची यावयाची तयारी असेल तर मुलालाही.