वानरलिंगी: आधी उतरायचा प्लॅन

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, मल्टीपिचचा प्लॅन नक्की कसा करता? आज नाणेघाटाजवळच्या वानरलिंगीवरून सांगतो. जीवधनला लागून उभा असलेला हा सुळका, ‘खडा पारशी’ पण म्हणतात त्याला. उंची साडेतीनशे फुटांच्या आसपास. एका रोपमध्ये संपत नाही, म्हणून टप्प्याटप्प्यानं चढायचं. एक टप्पा म्हणजे एक पिच. आणि ट्रॅड म्हणजे पुढचा माणूस भेगांमध्ये नट, कॅम अडकवत जातो, मागचा ते काढत येतो.

आमच्या पहिल्या वेळचा प्लॅन म्हणजे गिअरची भलीमोठी एक्सेल शीट होती. एकेका कॅमचा साइज लिहिलेला. उतरण्याबद्दल? एक ओळ. ‘रॅपल.’ ऑफिसात रोलबॅकशिवाय डिप्लॉय करत नाही आपण, आणि इथे हे!

झालं काय, दुसऱ्या पिचवर भेग चांगली दिसत होती, पण नट ओढून बघितला तर दगडाची खपलीच हातात आली. सह्याद्रीतला बेसाल्ट असाच, दोन कठीण थरांच्या मध्ये ठिसूळ थर. तिथे माझा तासभर गेला. पार्टनर म्हणाला, "एक वाजला रे, उतरू." मी म्हणालो, "वर दिसतंय की, अर्ध्या तासाचं काम." चूक माझीच. माथ्यावर पोचायला चार वाजले. पुढे उतरताना रोप खेचला तर गाठ कडेला अडकली. दोन्ही टोकं हातात होती हे नशीब. पार्टनर प्रुसिक लावून परत वर गेला, गाठ सोडवून आला. तोवर अंधार, आणि हेडटॉर्च दोघांत एक. आईला सातला फोन करतो म्हणालो होतो. रेंज आली साडेदहाला. ती काही बोललीच नाही, नुसतं "जेवलास का?" विचारलं.

आता हिशोब उलटा करतो. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. उतरायला दोन तास, अडकाअडकीला दोन तास. म्हणजे दोनला माथा सोडायचा. एका पिचला लीड, सेकंड, अँकर मिळून दोन तास धरा. तीन पिच म्हणजे सहा. तर सकाळी साडेसातला पहिला हात कातळावर हवा, म्हणून मुक्काम आदल्या रात्री घाटघरला. एकला तिसरी पिच अर्धी झाली नसेल तर खाली. यावर चर्चा नाही, आणि हे गावातच ठरवायचं, कड्यावर नाही.

रोप दोन, साठ-साठ मीटरचे. एकच असेल तर दुहेरी टाकून तीसच मीटर उतरता येतं. पाणी प्रत्येकी चार लिटर. हेडटॉर्च प्रत्येकाला. वाटेत जुने बोल्ट भेटतात, पण त्यांच्या भरवशावर निघू नका. आणि आग्या मोहोळ! आदल्या दिवशी दुर्बिणीतून कातळ बघून घ्या. पोळं वाटेत असेल तर ट्रिप रद्द. सेंट, धूर, आरडाओरडा नको; आम्ही रोपला झटके देऊन बोलतो.

येत्या शनिवारी परत जातोय. घाटघरला ज्यांच्याकडे उतरणार त्या काकांना वेळ कागदावर लिहून देणार आहे: रात्री आठपर्यंत आलो नाही तर कुणाला फोन करायचा ते. आईला या वेळी दहा सांगितलंय.