घूं, सूं आणि आईचा आवाज

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी कार्यक्रम सुरू होताच स्पीकर किंचाळला आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, दर फेरीला वाढतो, त्याची शिट्टी होते. अशीच एक शिट्टी माझ्या टेबलावर, नखाएवढ्या चिपमध्ये वाजत होती. फरक एवढाच, की ती कुणालाच ऐकू येत नव्हती.

माझी आई गाणं शिकवते. ती इकडे अमेरिकेत आमच्याकडे आली, तेव्हा परत गेल्यावर तिचं थायरॉईडचं ऑपरेशन ठरलेलं होतं. आवाजाची नस तिथून अगदी जवळून जाते. आवाज बदलू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून त्याआधी तिच्या बंदिशी रेकॉर्ड करायच्या ठरवल्या.

माइकमधून येतो जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट. तो हजारपट वाढवायला प्रीअँप लागतो. विकत मिळतो हो, पण कॉलेजात सोल्डरिंग केलेल्या माणसाला तो विकत घेणं म्हणजे अपमान! एनई ५५३४ ही चिप घेऊन मी घरीच बांधला. सुरू केला, तर आईच्या आलापामागे एकसारखी घूं.

आईने कान दिला आणि म्हणाली, "अरे, आपल्या घरच्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो ना, तो षड्ज धरला तर हा कोमल गंधार."

मी गणित केलं. भारतात वीज ५० हर्ट्झची, इथे ६०. चोकची गुणगुण १०० हर्ट्झ, इथली घूं १२०. सहास पाच, म्हणजे नेमका कोमल गंधार! घूं विजेच्या पुरवठ्यातून येत होती, हे आईने मीटरशिवाय सांगितलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले. मुळाशी जाण्याआधी पॅच मारायची सवय. संगणकावर १२०, १८०, २४० हर्ट्झला फिल्टर लावले. घूं गेली, पण आईच्या खालच्या स्वरांतला दमही गेला. तिचे स्वर तिथेच तर होते!

मग मुकाट्याने एकेक गोष्ट तपासली. माइक काढून इनपुट शॉर्ट केलं, तरी घूं होतीच. म्हणजे दोष डब्यातच. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालवलं, घूं गायब. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात हलवला. पुरवठ्याची आणि माइकची ग्राउंड एकाच तारेवर होती, ती वेगळी काढून एकाच बिंदूला जोडली. घूं गेली.

उरलं दुसरं दुखणं. आई तार सप्तकात चढली, की मी गेन कमी करायचो, आणि नेमका तेव्हाच आवाज फाटायचा. मोठ्या आवाजाला फाटेल तर समजू शकतो. गेन कमी केल्यावर का फाटावा? चिपला बोट लावलं, तर चटका बसला. मित्राचा ऑसिलोस्कोप आणला. आई गप्प बसलेली, तरी पडद्यावर कानाच्या कक्षेच्या कितीतरी वरची लाट नाचत होती. हीच ती शिट्टी! ही चिप तीनपट किंवा जास्त गेनलाच आपणहून स्थिर राहते. मी दुपटीवर आणत होतो. पाय ५ आणि ८ यांच्यामध्ये २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावायला हवा होता. डेटाशीटमध्ये स्वच्छ लिहिलेलं, मी वाचलं नव्हतं. तो लावला. शिवाय पुरवठ्याच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचे, आणि आउटपुटला लांब केबलसाठी १०० ओहम. चिप थंड झाली, आवाज मोकळा झाला.

शेवटी उरली बारीक सूं. ती जात नाही. माइकच्या तारेतले इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेने हलतात. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली हे दाखवलं. २०० ओहमला, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, साधारण पाव मायक्रोव्होल्ट. तिथे हात जोडायचे आणि माइक गळ्याजवळ न्यायचा.

निघायच्या आदल्या आठवड्यात आईने अकरा बंदिशी गायल्या.

ऑपरेशन नीट झालं. आवाज आहे, पण तार षड्ज पूर्वीसारखा लागत नाही. माझ्या मुलीला फोनवर शिकवताना वरची जागा आली, की आई थांबते आणि म्हणते, "हे बाळा, त्या रेकॉर्डिंगमध्ये ऐक."

तर मंडळी, घरातल्या कुणाचा आवाज जपायचा असेल, तर दोष शिरतो तिथेच थांबवा. आणि डेटाशीट आधी वाचा!